ती निजती कवा?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकादशीच्या संध्याकाळी, गावाकडच्या घरात लाईट गेली होती. घट आदल्या दिवशीच उठले होते. देव्हाऱ्यापुढची काळी माती अजून ओलसर होती, तिच्यावरचं पिवळसर धान अर्धं खुडून झालेलं, वर बांधलेल्या फुलोऱ्यातल्या कडाकण्या लेकरांना वाटून टाकलेल्या. ती माती, जळून गेलेल्या वाती आणि नऊ दिवसांचा सुकलेला झेंडू यांचा मिळून एक वास होतो, तो घरभर होता. आम्ही ओसरीवर बसलो होतो. आई सुपात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती आणि माझी लेक, यंदा अकरावीला आहे, मोबाईलच्या उजेडात वही धरून आम्हाला तिची गोष्ट वाचून दाखवत होती. दोन वर्षांपासून ती हे लिहिते आहे. वही कुणाला दाखवत नाही. त्या दिवशी का कोण जाणे, अंधारामुळे असेल, तिनं आपणहून काढली.

गोष्ट अशी. आभाळात तरंगणारा एक किल्ला, खाली आटून गेलेल्या सात नद्या, आणि त्या नद्यांच्या देवीच्या कुळातली उरलेली एकच मुलगी. तिचे केस जन्मापासून पांढरे. हातात भाला. ती रडली की कुठंतरी पूर येतो, म्हणून लहानपणापासून तिला कुणी रडू दिलेलं नाही. नऊ रात्री ती एकटी गडाच्या दारात उभी राहून सावल्यांच्या फौजेशी लढते आणि दहाव्या दिवशी सकाळी पुढच्या लढाईला निघते. मला गोष्ट आवडली. रडू न देण्याचं तर इतकं आवडलं की मी तिला मध्येच थांबवून ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. वाचून झाल्यावर लेकीनं मोठ्या आशेनं आजीकडं पाहिलं. आईनं मूठभर दाणे सुपात टाकले, टरफलं बाजूला सारली आणि म्हणाली, “समदं बेस हाय बाय. पर ती निजती कवा?”

“आज्जी, ती देवी आहे. देवी झोपत नसते.”

“कामून? आपली आई निजलीया की कालच.”

लेक काही बोलली नाही. तिनं वही मिटली. थोड्या वेळानं लाईट आली, पंखा फिरायला लागला, टरफलं ओसरीभर उडाली आणि विषय तिथंच राहिला. पण मला रात्री झोप लागेना. आईला गोष्टीत खोड काढायची नव्हती हे मला पक्कं ठाऊक आहे. तिला त्या पांढऱ्या केसांच्या पोरीची खरोखरच काळजी वाटली होती. नऊ रात्री उभं राहणं म्हणजे काय, हे आईला पायांनी माहीत आहे. रात्रीतून दोनदा उठून अखंड दिव्यात तेल घालणं, पहाटे गार पाण्यानं अंघोळ, रोजची माळ, पोटात उपवास आणि चुलीवर दुसऱ्यांसाठी स्वयंपाक. या बाईनं माझ्या लेकीच्या गोष्टीतलं युद्ध ऐकलं आणि तिला पहिला प्रश्न झोपेचा पडला.

तुळजापूरची आई वर्षातून तीनदा निजते. नवरात्राआधी, भाद्रपदात, घोरनिद्रा. पौषातल्या शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. आणि दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा. लहानपणापासून हे शब्द कानांवर आहेत, पण ‘श्रमनिद्रा’ हा शब्द मी त्या रात्री पहिल्यांदा नीट ऐकला. श्रम झाले म्हणून झोप. महिषासुराला मारलं, आता अंग दुखतंय. इतकं साधं. देवीसाठी पलंग नगरकडून गावागावांतून येतो. मूर्ती चल आहे, म्हणून ती सिंहासनावरून हातांनी उचलता येते, साड्यांत गुंडाळता येते, गादीवर आडवी करता येते. मी आठ-नऊ वर्षांची असताना आम्ही एकदा नेमके त्याच दिवसांत गेलो होतो. पायऱ्या उतरून, गोमुखाच्या पाण्याखाली हात-पाय धुऊन आत गेलो तर सिंहासन रिकामं. ओलं दगडी जोतं, कापराचा धूर, आणि जिथं ती असायला हवी तिथं कुणीच नाही. मी घाबरून जोरात विचारलं, देवी कुठं गेली? आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. तिच्या तळहाताला कुंकवाचा आणि नारळाच्या पाण्याचा वास येत होता. मला कडेवर घेऊन तिनं पलंगाकडं वळवलं आणि कानात सांगितलं, “हळू बोल. दमलीया ती.”

आठ हातांत शस्त्रं धरलेली देवी मी कॅलेंडरवर रोज बघत होते. तिला पांघरूण घातलेलं तेव्हाच पाहिलं.

त्या आठवणीशी आणखी एक आठवण चिकटलेली आहे आणि ती मला सोडवून घेता येत नाही. आम्ही त्या दिवशी रात्री उशिरा एसटीनं घरी परतलो. वडील, काका, आम्ही पोरं जिथं जागा मिळाली तिथं आडवे झालो. आईनं पदर खोचला आणि चूल पेटवली, कारण सकाळपासून कुणी नीट जेवलं नव्हतं. झोपेतून मला भाकरी थापल्याचा आवाज येत होता. देवीची दमणूक ओळखणारं गाव, तिच्यासाठी आवाज खाली आणणारी माणसं, आणि त्याच माणसांच्या घरात रात्री अकराला भाकरी थापणारी बाई. मला या दोन्ही गोष्टींबद्दल एकाच वेळी जे वाटतं त्याला राग म्हणावं तर त्यात माया आहे, आणि माया म्हणावं तर घशात काहीतरी अडकतं.

अद्भुताच्या गोष्टी मला आईनंच लावल्या. ती स्वतः चौथीपर्यंत शिकलेली, पण तालुक्याच्या बाजारातून ‘चांदोबा’ आणायला वडलांना आठवण करायची ती. त्या गोष्टींत राजकन्या असायची. ती उंच मनोऱ्यात असायची, किंवा राक्षसाच्या गुहेत, किंवा झोपेत. राक्षसाचा प्राण पोपटात असायचा आणि पोपट सात समुद्रांपलीकडं. राजपुत्र ते सगळं पार करून यायचा आणि शेवटी राजा त्याला अर्धं राज्य आणि राजकन्या द्यायचा. अर्धं राज्य आणि राजकन्या, हे दोन शब्द मी इतक्या वेळा वाचले की ते मला एकाच सातबाऱ्यावरचे वाटायचे. दुसरी बाई म्हणजे सावत्र आई. तिसरी जंगलातली म्हातारी, जिची सेवा केली की वर मिळायचा. आणि राजपुत्राची खरी आई बहुतेक वेळा पहिल्याच परिच्छेदात वारलेली असायची. मला लहानपणी त्याचं फार वाईट वाटायचं. नायकानं घराबाहेर पडायचं तर आईनं आधी मरायला हवं, असा काही नियम असावा असं मी धरून चालले होते.

श्रावणातल्या, भादव्यातल्या कहाण्या याहून वेगळ्या होत्या. महालक्ष्म्यांच्या कहाणीत देवी फाटक्या म्हातारीच्या रूपात गरिबाच्या दारात येते, घरात काही नाही हे दिसत असताना खायला मागते, न्हाऊ घाल म्हणते. ती पहिल्याच दिवशी शहाणपण सांगत नाही. तिला आधी भूक असते. आमच्याकडं महालक्ष्म्या उभ्या करतात तेव्हा त्यांच्या पुढ्यात त्यांची पिलवंडंही मांडतात, आणि आंबील, सोळा भाज्या, पुरणपोळी असं सगळं वाढून पडदा ओढून घेतात, बाईमाणसानं निवांत जेवावं म्हणून. त्या पडद्याआड काय होतं हे बघायला मी एकदा डोळा लावला होता आणि मार खाल्ला होता.

पुढं शहरात कॉलेजला आले, इंग्रजी वाचायला लागले, तेव्हा वाचनालयातली जाडजूड परीविश्वं हाती लागली. इंग्रज लेखक टोल्किनची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, १९५४-५५ मध्ये तीन भागांत आलेली ती प्रचंड कथा, मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. त्यात गॅलाड्रिएल नावाची राणी आहे. तिच्या वनात काळ थांबल्यासारखा असतो, ती येणाऱ्यांना भेटी देते आणि वाट दाखवते. टोल्किन श्रद्धाळू कॅथलिक होता आणि या राणीच्या रूपात मेरीमातेच्या प्रतिमेचं बरंच ऋण आहे हे त्यानं पत्रात मान्य केलं आहे. हे कळलं तेव्हा मला तो एकदम जवळचा वाटला. म्हणजे तोही आपल्या देव्हाऱ्यातूनच उचलत होता. त्याच कथेत इओविन नावाची तरुण मुलगी पुरुषवेषात युद्धाला जाते आणि ज्याला कुणी पुरुष मारू शकणार नाही असं भाकीत असतं त्याला मारते. मी तिच्यासाठी जागी राहिले होते. पण त्या प्रचंड पसाऱ्यात बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांतल्या कुणाच्याही गुडघ्यात कळ येत नाही.

याच सुमारास रॉबर्ट ग्रेव्ह्ज या इंग्रज कवीचं म्हणणं वाचनात आलं. १९४८ साली त्यानं मांडलं की पुरातन देवी एकच आणि तिची रूपं तीन, चंद्राच्या कलांसारखी: कुमारिका, माता, जख्ख म्हातारी. इतिहास म्हणून अभ्यासकांनी ते फारसं मानलं नाही, पण अद्भुतकथा लिहिणाऱ्यांनी ते उचलून धरलं. आजही कादंबऱ्या, मालिका, मोबाईलवरचे गेम यांत ही तीन खुर्च्यांची मांडणी दिसते. पोरगी असेल तर भाला घेईल, आई असेल तर बलिदान देईल, म्हातारी असेल तर काढा उकळत भविष्य सांगेल. मी पंचेचाळिशी ओलांडली तेव्हा मला जाणवलं की या तीन खुर्च्यांत मला बसायला जागा नाही. लेक मोठी झालेली, आई अजून हयात, पाळी कधी येते कधी नाही, शाळेचे पेपर तपासायचे, रात्री अचानक घाम फुटतो. चंद्राची ही कुठली कला?

आमच्या भागातल्या देवी त्या तीन खुर्च्यांत बसत नाहीत. अंबाजोगाईची योगेश्वरी नवरी व्हायला निघाली होती, परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलेलं, मुहूर्त टळला आणि ती कायमची कुमारिका राहिली. पण तिला कुणी पोरगी म्हणत नाही, आईच म्हणतात. विहिरीच्या कडेला शेंदूर फासलेल्या सात आसरा कुणाच्या आया नाहीत नि कुणाच्या बायका नाहीत, सात बहिणी एकत्र राहतात, आणि त्यांना हिरव्या बांगड्या, खण वेळेवर पोचला नाही तर धरतात. मरीआईला तर गाड्यात घालून शिवेपार करायचे. तिची पूजाही मनापासून आणि तिनं निघून जावं ही विनवणीही मनापासून. आणि येरमाळ्याची येडाई. सीतेला शोधत वणवण करणाऱ्या रामाची परीक्षा बघायला ही सीतेचं रूप घेऊन वाटेत उभी राहिली, रामानं ओळखलं आणि म्हणाला, तू वेडी आहेस. तेच नाव झालं. चैत्रात लाखो लोक तिथं जातात, चुनखडीचे खडे वेचतात, आणि एका फसलेल्या खोडीवरून पडलेल्या नावानं देवीला हाक मारतात. इंग्रजी कथांतली देवी कधी चुकत नाही. आमच्या देवीच्या नावातच तिची चूक आहे, आणि तरी ती देवी आहे. लहानपणी मला याचं काही वाटलं नाही. आता वाटतं, हे किती मोठं मोकळेपण आहे.

पण सगळंच मोकळं नाही. रेणुकेची गोष्ट घ्या. ती रोज नदीवर जाऊन वाळूचा घडा करायची आणि त्यात पाणी भरून आणायची. घडा कच्चा, पण तिच्या मनाच्या शुद्धतेमुळं फुटायचा नाही. एक दिवस पाण्यात खेळणारा गंधर्वराजा दिसला, मन क्षणभर हललं, घडा विरघळला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे: जमदग्नीचा हुकूम, परशुरामाची कुऱ्हाड. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेन. परीविश्वांच्या कादंबऱ्या वाचायला लागल्यावर लक्षात आलं की जादूची ही अट सगळीकडं आहे. पुरुषाची जादू अभ्यासानं येते, ग्रंथांतून, गुरूकडून, आणि चुकली तर तो पुन्हा शिकतो. बाईची जादू अंगातून येते आणि अंगाच्याच अटीवर टिकते. शुद्ध असेतो आहे. प्रेमात पडली, गेली. मूल झालं, गेली. मी तेरा वर्षांची असताना नवरात्राच्या चौथ्या माळेला बाजूला बसले. घट मीच आईबरोबर बसवले होते, शेतातली माती मीच चाळली होती, आणि आता पाच हातांवरून बघायचं. कोंब त्याच दिवशी वर आले होते. कुणी रागावलं नाही, कुणी वाईट बोललं नाही, काकूनं फक्त हातानं इशारा केला, तिकडं. माझा घडा विरघळला होता. मला कुठला गंधर्व दिसलाही नव्हता.

माहूरला रेणुकेचं नुसतं मुख आहे. शेंदरानं झळाळणारा तो भव्य मुखवटा, आणि गडावर सतत ऐकू येणारा खलबत्त्याचा आवाज, कारण तिला कुटलेल्या विड्याचा तांबूल लागतो. तो प्रसाद जिभेवर ठेवला की कात, बडीशेप आणि ओल्या पानाचा रस एकदम उतरतो. तिथून बऱ्याच लांब, धाराशिव जिल्ह्यात तेरच्या संग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या वस्तूंमध्ये लज्जागौरीच्या लहान प्रतिमा आहेत: देह आहे, मस्तक नाही. लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेरे यांनी या मस्तकविरहित देवीचा आणि रेणुका-यल्लम्मेचा धागा आपल्या ‘लज्जागौरी’त उलगडला आहे, ही सगळी भूमीचीच, सृजनाचीच रूपं कशी हे त्यांच्याकडून कळतं. पण मी तेरला पहिल्यांदा त्या काचेसमोर उभी राहिले तेव्हा मला सृजन आठवलं नाही. मला वाटलं, डोकं माहूरला आणि धड इथं. मधलं अंतर एसटीनं एका दिवसाचं. मी तिथं बराच वेळ उभी होते. सोबतच्या मुलींना, सहल होती आमच्या शाळेची, बसची घाई झाली होती.

मग अर्सुला ले ग्विन ही अमेरिकन लेखिका भेटली, आणि तिच्याबद्दल मला जरा जास्त बोलू द्या. तिनं १९६८ साली अर्थसी नावाच्या बेटांच्या जगाची पहिली कादंबरी लिहिली. तिथं जादूची शाळा आहे, रोक बेटावर, आणि त्या शाळेत फक्त मुलगे. गावोगावच्या बायकांना थोडीफार जादू येते, पण ती दुबळी आणि दुष्ट, अशी त्या जगातली म्हणच आहे. १९७१ च्या दुसऱ्या कादंबरीत तेनार नावाची पोर आहे. पाच-सहा वर्षांची असताना तिला आईबापांपासून उचलून एका थडग्यांच्या देवस्थानाची पुजारीण करतात, कारण मेलेल्या पुजारिणीचाच हा पुनर्जन्म असं ठरलेलं असतं. विधी होतो आणि तिचं नाव काढून घेतात. यापुढं ती ‘अऱ्हा’, म्हणजे खाल्लेली. तिचं नाव देवतांनी खाल्लं. हे वाचताना मी पुस्तक उपडं ठेवून उठले होते. आमच्या गल्लीच्या टोकाला एक जोगतीण राहायची. कपाळभर भंडारा, गळ्यात माळ, हातात परडी. तिला सगळे मान द्यायचे, तिच्या परडीत पीठ-मीठ घालायचे, पाया पडायचे. तिला लहानपणीच देवीला सोडलेलं. तिला नावानं हाक मारताना मी कुणालाही ऐकलं नाही.

तेनार शेवटी त्या अंधारातून बाहेर पडते, नाव परत घेते. १९७२ ला तिसरी कादंबरी आली आणि वाचकांना वाटलं की संपलं. ले ग्विन अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, त्या जगात परतली. ‘तेहानू’ या कादंबरीत तेनार पुन्हा येते, आणि आता ती मध्यमवयाची विधवा आहे. शेतकऱ्याचा संसार केलेली, पोरं मोठी झालेली, शेळ्या राखणारी. तिनं एका भाजलेल्या, टाकून दिलेल्या पोरीला सांभाळायला घेतलं आहे. महान जादूगार गेड तिच्याकडं येतो तो सगळी शक्ती संपवून, थकून. जेवणानंतर भांडी कुणी उचलायची हा प्रश्न त्या कादंबरीत ड्रॅगनच्या शेजारी मांडलेला आहे. तेव्हा अनेक वाचकांना ती आवडली नाही, साहस कुठं गेलं असं त्यांना वाटलं. मला मात्र पहिल्यांदा वाटलं की मला बसायला कुणीतरी सतरंजी पसरली. एका लेखिकेनं आपलंच जग मागं वळून बघितलं आणि स्वतःला विचारलं, इथल्या बायका इतकी वर्षं कुठं होत्या? माझ्या आईनं ओसरीवर जे विचारलं ते त्याच जातीचं होतं.

लग्नात तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात. माझ्या आईचंही लिहिलं होतं. ती तेव्हा सोळा वर्षांची होती. तिचं माहेरचं नाव मला माहीत होतं, चौथीच्या दाखल्यावर पाहिलेलं, पण हाक म्हणून ते मामाच्याच तोंडून ऐकलं होतं. मामा दारातूनच त्या नावानं ओरडत यायचा आणि आईचा चेहरा एकदम सैल व्हायचा, चालसुद्धा बदलायची. मामाला जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर ते नाव घरात कुणी घेतलं नाही. ते मी इथं लिहीत नाही, ते तिचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधासाठी बाहेर पडले तर पाराजवळ ट्रॅक्टर उभे होते. ऊसतोडीच्या टोळ्या निघायचे हेच दिवस, दसरा-दिवाळीच्या मधले. पत्र्याच्या पेट्या, बाजरीची पोती, चुली, कोंबड्या, शेळी, वर गोधड्यांवर बसलेली लेकरं. बायका सामान बांधत होत्या, पुरुष मुकादमाशी बोलत होते. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आता सहा महिने पहाटे चारला उठून फड, दिवसभर मोळ्या, संध्याकाळी कोपीत स्वयंपाक, रात्री गाडी भरायला पुन्हा उठायचं. २०१९ मध्ये शासनाच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची माहिती घेतली तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, त्रास अंगावर काढायचा, आणि मग कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक. ट्रॅक्टरजवळच्या बायकांतली एक मला ओळखीची होती. माझ्याच शाळेत सातवीपर्यंत होती, वक्तृत्वात बक्षीस मिळवायची. मला बघून हसली, हात हलवला. तिच्या कपाळावर देवीचा मळवट अजून ताजा होता. वर तुळजापुरात त्या वेळी शेजघरात आवाज खाली आणून माणसं चालत होती, आई निजलीय म्हणून. इथं ट्रॅक्टर सुरू झाला. मी दुधाचं भांडं घेऊन तो वळेपर्यंत उभी राहिले.

घरी आले तर लेक आणि आई मागच्या अंगणात होत्या. लेक विचारत होती, “आज्जी, देवीला झोपवतात कसं?” आणि आई हातवारे करून दाखवत होती. कसं आधी अंगावरचे दागिने उतरवतात, कसं मऊ अंथरतात, कसं अलगद. “लेकरागत,” ती म्हणाली. “डोकं धरावं लागतं ना.” लेकीनं मग विचारलं की तेवढ्यात राक्षस आला तर? आईनं थोडा विचार केला. “यील की. मंग आपण हाव की जागं.” लेक हे वहीत लिहून घेत होती. मी मध्ये पडले नाही.

नंतरचे तीन दिवस ती फारशी बोलली नाही, लिहीत होती. मला वाटलं ती आता नायिकेला झोपवेल आणि आजीला खूश करेल. तिनं तसं केलं नाही. कोजागरीच्या रात्री आटवलेलं दूध चंद्राला दाखवून झाल्यावर तिनं मला एकटीला नवी पानं वाचायला दिली. नायिकेला झोपच येत नाही. इतक्या वर्षांत तिला कुणी शिकवलेलंच नाही. ती गादीवर भाला घेऊन पडून राहते आणि डोळे मिटले की दचकते. गडावर भाकरी करणारी एक बाई आहे, आधीच्या पानांत तिचा उल्लेखही नव्हता. ती येऊन हातातला भाला काढून घेत नाही, काही समजावत नाही. ती नुसती दाराशी जाऊन बसते, पाठमोरी, आणि तिच्या हातात लाटणं असतं. पानाच्या तळाशी लेकीनं कंसात लिहिलं होतं, ‘नाव?’ आणि पुढची जागा मोकळी सोडली होती.

मी तिला त्या रात्री ते नाव सांगितलं. मामाची हाक कशी होती, शेवटचं अक्षर तो कसं लांबवायचा, तेही.

आई या दिवसांत पलंगावर निजत नाही. देवी उठेपर्यंत ती खाली सतरंजीवर, हाताची उशी करून झोपते. पौर्णिमेच्या पहाटे तिकडं देवी पुन्हा सिंहासनावर बसते, आणि आई दरवर्षी त्याआधी उठून अंघोळ करून दिवा लावते. यंदा तिला जाग आली नाही. पाच वाजून गेले, चंद्र लिंबाच्या मागं उतरला होता, अंगणात दुधाचं पातेलं तसंच होतं. मी उठवायला निघाले तर लेक आधीच तिथं बसलेली. तिनं मला हातानं थांबवलं. आम्ही दोघी बराच वेळ तशाच बसलो, आईचा श्वास ऐकत. दूर कुठंतरी संबळ वाजत होता. मग लेकीनं वाकून, शेवटचं अक्षर लांबवत, हळूच त्या नावानं हाक मारली.

“ओ,” आई म्हणाली, डोळे न उघडताच.